दोन गाठींचा दोरा

आयर इताम, पेनांग
१४ फेब्रुवारी १९९८

प्रिय तेक लाय भावोजी,

आपल्या चिनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा पंधरवड्याच्या आत पोचायला हव्यात, हे मला कळतं. त्या उशिरा येताहेत याबद्दल क्षमा असावी. खरं सांगायचं तर गेल्या वर्षीही मी पत्र लिहिलं नव्हतं. तुमचे दादा जाऊन आता पंधरा महिने झाले. या पंधरा महिन्यांत आपण एकमेकांना एक ओळही लिहिली नाही. त्यात माझी चूक किती आणि तुमची किती, याचा मी बराच विचार केला. हिशेब लागला नाही, म्हणून आधी मीच लिहिते आहे.

पत्राचं कारण घरगुती आहे आणि थोडं संकोचाचंही. आपल्या संडासाची टाकी बिघडली आहे.

तुमच्या दादांनी, सेंगने, माझ्या आईसाठी बसवली होती, तीच ही भिंतीतली टाकी. आई वॉकर घेऊन चालायला लागली तेव्हा जुन्या बाथरूममध्ये तिला वळता येत नव्हतं. टाकी भिंतीच्या आत गेली, कमोड भिंतीला टांगलं, आणि आईला वीतभर जागा मिळाली. ती वीतभर जागा नसती तर आईला माझ्याकडे ठेवता आलं नसतं.

नव्या वर्षाच्या आधीपासून टाकीतून पाणी सारखं झिरपतंय. टाकी भरत नाही, त्यामुळे फ्लशला जोर नाही. मी बादली आणि मग ठेवलाय, पण आईला वाकता येत नाही. परवा ती बादलीवर पडता पडता वाचली. मजा अशी की त्या झिरपण्याच्या आवाजाची तिला काहीच तक्रार नाही. दुपारी पडल्या पडल्या मला विचारते, "सेंग अजून हात धुतोय का गं?" पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, सेंग नाही आता." दुसऱ्यांदा म्हटलं, "हो, धुतोय." यातलं कुठलं उत्तर बरोबर, ते मला ठरवता आलेलं नाही.

प्लंबर येऊन गेला. त्याने भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "बाई, भिंत फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. मधल्या चाळीस टाइल्स जातील. नव्या लावू, छान एकसारख्या!"

भावोजी, त्या टाइल्स एकसारख्या नाहीत, हाच तर प्रश्न आहे. वीस वर्षं सेंग टाइल्स लावायला ज्या ज्या कामावर गेला तिथून उरलेली एक-एक टाइल घरी आणत होता. त्यांची भिंत हे त्याचं शेवटचं काम. यातली एक जरी फुटली तरी जोड कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

ती भिंत उभी राहिली त्या आठवड्यात तुम्ही इथे होतात. टाकीपर्यंत पोचायला दुसरी काही वाट आहे का? तुम्हाला माहीत असेल असं वाटलं.

तुमची,
ग्वात सिम

---

सिबू
२४ फेब्रुवारी १९९८

वहिनी,

पत्र पोचलं. तुम्हालाही नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि आईंना माझा नमस्कार.

आईंची पडझड होण्यापेक्षा भिंत पडलेली बरी. प्लंबर म्हणतोय तसं करू द्या. टाइल म्हणजे शेवटी भाजलेली मातीच की हो. दादा गेला, आता त्याच्या टाइल्सना काय कवटाळून बसायचं? मी अर्धा जन्म टाइल्स लावतोय. कुठल्याच टाइलने मला कधी ओळख दिलेली नाही.

फक्त त्याला एक सांगा. फ्लशच्या बटणांच्या प्लेटला स्क्रू-ड्रायव्हर लावून उचकटायला जाऊ नकोस म्हणावं. ती निघणार नाही, नुसता कोपरा तुटेल.

इथे नदीचं पाणी उतरलंय, बोटी गाळात रुततात. माझा डावा कान आता पूर्ण गेला. तीस वर्षं ड्रिल मशीन कानाशी धरलं, त्याचं हे बक्षीस. फोन करू नका, मी नुसता "हो हो" करत बसेन.

सोबत सुकी कोळंबी पाठवतोय. पाण्यात भिजवल्याशिवाय शिजवू नका.

तेक लाय

---

आयर इताम
३ मार्च १९९८

भावोजी,

कोळंबी मिळाली. आईने पिशवी हुंगली आणि म्हणाली, "लायने पाठवली ना? तो कुठाय? जेवायला बसला का?" तिच्या लेखी तुम्ही अजून इथेच आहात.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, राग येण्याइतकं तुम्ही काय वाईट लिहिलंय? आईची काळजीच केलीय. तिसऱ्यांदा एका वाक्याशी थांबले. प्लंबरने प्लेट उचकटून पाहिली हे मी तुम्हाला कळवलंच नव्हतं. त्याने ती खरोखरच उचकटून पाहिली आणि खरोखरच खालचा कोपरा तुटला. तेव्हा मी त्याचा हात धरला. ती प्लेट निघणार नाही, हे सिबूत बसून तुम्हाला कसं कळलं?

मी शाळेत मुलांची उत्तरं तपासते. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहिलं की समजावं, मूळ प्रश्न त्याने आधी कुठेतरी पाहिलाय. रागावू नका. विचारायचं नव्हतं तर मी नुसती गप्प बसले असते, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं.

टाइल कुणाला ओळख देत नाही म्हणता. काल शाळेतून आल्यावर मी त्या भिंतीसमोर उपड्या बादलीवर बसले आणि त्यांना ओळखत गेले. वरच्या रांगेतली पिवळी, आमची पहिली मुलगी राहिली नाही त्या दवाखान्यातली. सेंगने तिथे नंतर काम केलं. मी विचारलं होतं, "हीच कशाला आणलीस?" म्हणाला, "तिथे आपलं काहीतरी राहिलंय. निदान एवढं तरी घरी यावं." तिच्या खाली बंदराजवळच्या हॉटेलातली काळी. मग मच्छी बाजारातल्या दोन, त्यांना अजून वास येतो असं आई शपथेवर सांगते. आणि डावीकडून तिसरी, निळी, केसाएवढी बारीक चीर गेलेली. ती तुमच्या सिबूच्या स्वयंपाकघरातली, भावोजी. तुमच्या लग्नानंतर दादा ओटा बांधून द्यायला आले होते, तेव्हाची.

प्लंबरला मी वीस तारखेची वेळ दिलीय, शुक्रवारची. आईकडे पाहते तेव्हा त्याहून पुढे ढकलण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. वीसला तो छिन्नी घेऊन येईल.

आता एक गोष्ट विचारते, ती विचारताना लाज वाटते. भिंतीचं काम सुरू होण्याआधी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सेंगने दोरा घेऊन माझ्या उजव्या हाताचं माप घेतलं. अंगठा आत मुडपायला लावून बोटांच्या पेरांभोवती दोरा फिरवला आणि गाठ मारली. हिरव्या दगडाची बांगडी घ्यायची तर असंच माप घेतात. आमच्या लग्नाला वीस वर्षं व्हायची होती. त्याने थट्टेत दोरा पार कोपरापर्यंत ताणला आणि तिथेही गाठ मारली. मी हसून म्हटलं, "एवढी मोठी बांगडी मिळते का?" तो म्हणाला, "बघू." लग्नाचा वाढदिवस आला नि गेला, मग तो आजारी पडला. बांगडी आली नाही. मला दागिन्यांची हौस नाही, तरी दैनंदिनीत तीन वेळा तिचा उल्लेख आहे. शेवटचा तर तो गेल्यानंतरचा. त्याने ती कुठे सांगून ठेवली होती का, याबद्दल तुम्हाला काही बोलला होता का? नसेल तर नसू दे. आपण वाट पाहत होतो ती खरी होती की मनाची, एवढंच मला कळून घ्यायचंय.

ग्वात सिम

---

सिबू
११ मार्च १९९८

वहिनी,

हे पत्र लिहायला मी चार कागद फाडले. हा पाचवा. चुका असतील तर तुमच्या लाल पेनने दुरुस्त करा.

बांगडी नव्हती. आधी तेच सांगून टाकतो. तो दोरा बांगडीसाठी नव्हता, टाकीसाठी होता.

दादाचा एक नेम होता. आमच्या बापाकडून आलेला. नळ किंवा टाकी भिंतीत बुजवायची तर भिंत बंद करण्याआधी घरातल्या बाईला बोलवायचं आणि म्हणायचं, "बाई, हात घाला आत." मालकाला नाही, बाईला. तिचा हात आतल्या कॉकपर्यंत पोचून तो बंद करता आला तरच भिंत पुरी. नाही पोचला तर सगळं काढून पुन्हा. किती हॉटेलांचे मॅनेजर हसायचे! "अरे, इथे बाई कुठली?" तर दादा झाडूवालीला बोलवायचा. "हिलाच करायचंय उद्या, तुम्हाला नाही." कारण प्लंबर सकाळी येतो म्हणतो आणि परवा येतो. पाणी थांबत नाही तोवर.

तुमच्या भिंतीत जागा कमी होती. आईंना वीतभर जास्त मिळावी म्हणून दादाने भिंत पुढे येऊ दिली नाही. त्यामुळे आत जायचं तोंड लहान झालं. प्लंबरचा पंजा त्यात जाणार नाही, गेला तरी कोपर वळणार नाही. दादा म्हणाला, "प्लंबरचा हात मोजून काय करू? सिमचा हात गेला की झालं." पहिली गाठ तोंडाची. दुसरी गाठ तिथून कॉकपर्यंतची. ती थट्टा नव्हती, वहिनी.

आता माझं.

त्या शेवटच्या दिवशी दादाला ताप होता, तो आत पडून होता. तुम्ही शाळेत. मी एकट्याने टाइल्स पुऱ्या केल्या आणि बटणांची प्लेट बसवली. ती खडखडत होती. मला वाटलं दादाचं काम आहे, खडखडलं तर लोक काय म्हणतील? मी तिच्या चारी कडांना सिलिकॉन भरलं, वरून पांढरं सिमेंट ओढलं. दगडासारखी घट्ट. मला माझं फार कौतुक वाटलं.

दुपारी दादा भिंतीला धरत धरत आला. प्लेटवरून बोट फिरवलं. मला म्हणाला, "तुझ्या वहिनीचा हात जाऊन आला का?"

मी म्हटलं, "त्या शाळेत आहेत."

"मग बुजवलंस कशाला?"

"खडखडत होती."

"खडखडू दे की! दार आहे ते, दार वाजतंच. काप ते सगळं."

मी दिवसभर गुडघ्यांवर होतो. म्हटलं, "आजारी आहेस तरी मुकादमगिरी सुटत नाही का रे तुझी? तूच काप." पिशवी उचलली आणि निघालो. तुम्ही फाटकात भेटलात. "जेवून जा" म्हणालात, आणि मी तुमच्याकडे न बघता गेलो. तुम्हाला वाटलं असेल तुमचं काही चुकलं. तुमचं काही चुकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दादा गेल्याची तार आली. बोट चुकली म्हणून अंत्ययात्रेला आलो नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. बोट चुकली नव्हती. मी धक्क्यावर उभा होतो आणि ती माझ्यासमोरून गेली.

मागच्या पत्रात भिंत फोडा म्हणालो. फुटली असती तर माझी करणीही तिच्यासोबत गेली असती. आता भिंत राहिली तर बरं.

वीस तारखेच्या आत हे करा. पाकिटात रबराचं काळं वायसर आहे आणि मासेमारीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, आहे. ब्लेड असेल तर आधी पांढरं सिमेंट खरवडा. मग तंगूस प्लेटच्या मागे सरकवून दोन्ही टोकं धरा आणि करवतीसारखा पुढे-मागे ओढा. सिलिकॉन कापलं जातं, टाइलला ओरखडा उठत नाही. चारी बाजू झाल्या की प्लेट तळव्याने वर ढकला आणि खालची कड स्वतःकडे ओढा, सुटेल. आत एक पांढरं झाकण आहे, ते नुसतं दाबून निघतं. मग उजवा हात घाला, अंगठा मुडपून, तेव्हा मुडपला होता तसा. कोपर कडेशी आलं की डावीकडे वर चाचपा. कॉक हाताला लागेल. उजवीकडे फिरवून बंद करा. टाकी रिकामी होऊ द्या. मधला उभा डबा पाव फेरा फिरवून वर उचला, तिरका करून बाहेर काढा. त्याच्या बुडाला वायसर असतं. जुनं काढा, हे बसवा. ज्या खाचेत ते टेकतं तिथून बोट फिरवा. मला वाटतं तिथे माझ्याच सिमेंटचा कण सापडेल. तेल अजिबात लावू नका, रबर फुगतं.

आणि प्लेट परत बसवल्यावर काहीही भरू नका.

तेक लाय

---

आयर इताम
२१ मार्च १९९८

भावोजी,

तुमचं पत्र बुधवारी अठराला आलं. गुरुवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. नोकरीच्या तेवीस वर्षांत संडासासाठी घेतलेली पहिली रजा. मुख्याध्यापिकेला मी खरं कारण सांगितलं, आणि तिला ते खोटं वाटलं.

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मला सांगता येणार नाही.

"ब्लेड असेल तर" असं तुम्ही लिहिलंत. घरात ब्लेड नाही. का नाही, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यानंतर, शेवटच्या दिवसांत, सेंग दोनदा तरी उठून बाथरूममध्ये गेला आणि उपड्या बादलीवर बसला. दुसऱ्यांदा मी दार ढकललं तेव्हा त्याच्या हातात ब्लेड होतं. तेव्हा त्याला फार वेदना होत्या. मला एकच अर्थ सुचला. मी ते ब्लेड काढून घेतलं. तो म्हणाला, "दे गं सिम, थोडं काम राहिलंय." मी ब्लेड दिलं नाही. त्या दिवशी घरातलं धारदार सगळं बाहेर टाकलं. सोळा महिने मी भाजी बोथट सुरीने चिरते. माझ्या माणसाला मला सोडून जायचं होतं, असं समजून मी त्याच्या शेजारी अकरा दिवस बसले, आणि त्यानंतर सोळा महिने जगले.

तुमच्या पत्रातलं "तूच काप" हे वाचलं आणि मी पत्र मिटून ओट्याला धरून उभी राहिले. तो कापत होता, भावोजी. माझ्यासाठी दार उघडत होता.

तुम्ही माझी क्षमा मागितलेली नाही, पण मागणार असाल तर आधी हे वाचा. तुम्ही दार बुजवलंत आणि मी त्याच्या हातातून हत्यार काढून घेतलं. आपण दोघांनी मिळून त्याचं एक काम अडवलं. दोघांनाही वाटत होतं आपण त्याचं भलं करतोय.

पांढरं सिमेंट मी शाळेतल्या कंपासच्या टोकाने खरवडलं. मग तंगूस. खालच्या उजव्या कोपऱ्याशी सिलिकॉनवर एक बोटभर लांब जुनी चीर होती. तुमची नसणार. तिथे मी थोडी थांबले, आणि त्या चिरेतूनच तंगूस आत सरकवला.

प्लेट सुटली. झाकण निघालं. मी बांगड्या घालत नाही, घड्याळ काढलं. अंगठा मुडपला. हात गेला. कुठे अडला नाही, खरचटला नाही. कोपर कडेला टेकलं आणि त्याच क्षणी बोटांना कॉक लागला. त्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला वाटलं कोळ्याचं जाळं, ओढलं तर दोरा बाहेर आला. दोन गाठी. पहिल्या गाठीच्या वेढ्यातून हात घालून पाहिला, आता तो सैल बसतो, मी वाळले आहे. कोपराची गाठ मात्र अजून बरोबर कोपरावर येते.

"काय गं करतेयस आत एवढा वेळ?" आई दारात वॉकर घेऊन उभी.

"हात धुतेय," मी म्हटलं.

वायसर बदललं. खाचेत बोट फिरवलं तेव्हा कण सापडला, तांदळाच्या कणीएवढा, पांढरा. तुमचाच. तो मी कागदात गुंडाळून ठेवलाय. पाठवू का?

कॉक उघडला. टाकी भरली आणि आवाज थांबला. मला त्याचीच भीती होती, आई काय म्हणेल याची. ती पलंगावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "झाले वाटतं सेंगचे हात धुऊन."

"हो आई," मी म्हटलं. "काम झालं त्याचं."

या वेळी उत्तर बरोबर होतं का, याचा मी विचार केला नाही.

शुक्रवारी प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन आला. मी प्लेट काढून दाखवली. त्याने हात घालून पाहिला, पेरांशी अडकला. दोन्ही हात आलटून पालटून पाहिले. "हे कुणी केलं?"

"मी."

"मग मला कशाला बोलावलंत, बाई?"

"कॉफी प्यायला. बसा."

तो बसला, आणि कॉफी पिता पिता अर्धा तास भिंत बघत राहिला. मच्छी बाजारातली टाइल त्याने न सांगता ओळखली. त्याच्या वडिलांचा तिथे गाळा होता म्हणे.

प्लेट मी परत बसवली आहे. कडांना काही भरलेलं नाही. बटण दाबलं की ती थोडी खडखडते.

पाच एप्रिलला कबरींचा सण, सेंगची कबर साफ करायला जायचंय. गेल्या वर्षी मी एकटीच गेले होते. गवत फार वाढतं.

ग्वात सिम

---

सिबू
२९ मार्च १९९८

वहिनी,

तुमचं पत्र इथल्या चहाच्या दुकानात वाचलं आणि सगळ्यांसमोर नाक शिंकरत बसलो. दुकानदाराला वाटलं तिखट लागलं. मी "हो हो" म्हटलं.

कण ठेवून द्या. मीच घेऊन जाईन.

ती बोटभर चीर दादाची. कोपऱ्यापासून सुरुवात करायची त्याची सवय. मला लहानपणी त्यावरून टपल्या मारायचा, "मधनं काय कापतोस, गाढवा."

तीन तारखेच्या बोटीने निघतोय, मग विमान. बोट माझ्यासमोरून जाऊ देणार नाही, आधीच जाऊन बसेन. गवत कापायचा कोयता माझा मी आणतो, तुमच्याकडे धारदार काही नाही. आणि येताना एक चांगली सुरी आणतोय, भाजीची. ती आता घरात ठेवा.

प्लेट खडखडते म्हणता ते मला ऐकू येणार नाही. तरी एकदा तुम्ही बटण दाबा, मी हात ठेवून बघेन.

त्या दिवशी तुम्ही सकाळीच पापलेट वाफवून ठेवलं होतं. आल्याचा वास फाटकापर्यंत आला होता. दीड वर्ष तो वास माझ्या डोक्यात आहे. या वेळी मिळालं तर बघा. नाहीच मिळालं तरी जेवूनच जाईन.

तेक लाय